सुरतेत माणसं तीच होती, मग काम कसं काय बदललं

सुरतेची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या चालीत सांगतात. १९९४ ला प्लेग आला, शहराचा उकिरडा झालेला, मग एक खमका आयुक्त आला, त्याने सगळ्यांना कामाला लावलं आणि दीड-दोन वर्षांत शहर चकाचक. टाळ्या. गोष्ट खोटी नाहीये पण त्यात महापालिकेचे कर्मचारी कुठेच दिसत नाहीत, जणू काही आयुक्त एकटाच झाडू घेऊन फिरत होता. झाडू मारणारे, गटार उपसणारे, मुकादम, स्वच्छता निरीक्षक, ज्युनियर इंजिनियर, टेबलावर फाईल सरकवणारे क्लार्क हे बहुतेक सगळे प्लेगच्या आधीही तिथेच होते आणि नंतरही तिथेच होते. सुरत महापालिका १९६६ ची, त्याआधीची नगरपालिका तर १८५२ ची, म्हणजे यंत्रणा काही नवी उभी केली नव्हती. आणि पगार म्हणाल तर तो आयुक्ताच्या हातात नसतोच, ग्रेड ठरलेली, वेतनवाढ ठरलेली, चांगलं काम केलं म्हणून आयुक्त कुणाला हजार रुपये जास्त देऊ शकत नाही. मग बदललं काय?

मला हे प्रकरण वाचताना नेहमी वाटतं की सुरतेत जे झालं ते स्वच्छतेचं प्रकरण आहे तितकंच वरिष्ठ आणि कर्मचारी एकमेकांशी कसं बोलतात याचं आहे. बोलणं म्हणजे भाषण नव्हे. सांगितलेली अडचण किती पायऱ्या चढते, तिचं उत्तर किती दिवसांनी खाली येतं आणि उत्तर देणाऱ्याच्या हातात खरंच काही असतं का, ते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे पेशंट सापडले आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग. त्याआधी जोरदार पाऊस, तापीचं पाणी चढलेलं, सखल वस्त्यांमध्ये पाणी तुंबलेलं, मेलेली जनावरं तशीच पडलेली. कापडाचं आणि हिऱ्याचं शहर, बाहेरून पोट भरायला आलेले लाखो कामगार, त्यात आपल्या खानदेशातले पण कितीतरी. बातमी फुटली तशी काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले, प्लेगवर चालणाऱ्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानातून गायब झाल्या, खाजगी डॉक्टरांपैकी बरेच जण दवाखान्याला कुलूप लावून गेले. मृत्यू पन्नासच्या वर झाले, म्हणजे साथीच्या मानाने आकडा लहान पण घाबरगुंडी जगभर, परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणं थांबवली, निर्यातीला फटका. प्लेगच होता की दुसरं काही यावर तेव्हा बराच वाद झाला, नंतरच्या तपासण्यांनी प्लेगचाच जंतू असल्याचं नक्की केलं. असो, तो वेगळा विषय.

आपल्या कामाचा मुद्दा असा की जे शहर सोडून जाऊ शकत होते ते गेले, पण कचरा उचलायला, औषध फवारायला, तुंबलेली गटारं मोकळी करायला महापालिकेचीच माणसं लागली. आणि त्याच महापालिकेला देशभर शिव्या पडत होत्या. म्हणजे एकीकडे जीव मुठीत धरून काम करा आणि दुसरीकडे हे सगळं तुमच्यामुळेच झालं हे ऐका. अशा वेळी माणूस आतून कसा होतो हे कुठल्याही नगरपालिकेत काम केलेल्या माणसाला विचारा. तो एकतर चिडतो किंवा बधिर होतो, आणि बधिर झालेला माणूस सगळ्यात घातक कारण तो हजेरी लावतो, सही करतो, सांगाल तेवढंच करतो आणि एकही अडचण वर सांगत नाही. सांगून उपयोग नाही हे त्याला पाठ झालेलं असतं.

नगरपालिकेत अडचण वर जाते कशी ते बघा. समजा एका भागात कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही. झाडणाऱ्याने मुकादमाला सांगितलं, मुकादमाने निरीक्षकाला, निरीक्षकाने वॉर्ड ऑफिसला लिहून दिलं, तिथून टिपणी मुख्य ऑफिसला, तिथून वाहन विभागाला मार्क, वाहन विभाग म्हणतो टायर नाही, टायरची मागणी भांडार विभागाकडे, भांडार म्हणतो लेखा विभागाची मंजुरी नाही, आणि शेवटी सहीसाठी फाईल आयुक्तांकडे कारण कायद्याने अधिकार आयुक्तांचेच. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम जो पुण्या-नाशिकला लागू तोच गुजरातेतल्या महापालिकांनाही लागू झालेला, आणि त्यात कारभाराचे बहुतेक अधिकार आयुक्त या एका माणसात गोळा केलेत. मधल्या मधे त्या रस्त्यावर कचऱ्याचा ढीग वाढत जातो आणि शिव्या खातो कोण, तर पहिला माणूस, ज्याने दोन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं!

वरून खाली येताना मात्र वेगळंच. परिपत्रक, मेमो, कारणे दाखवा, आढावा बैठक. महिन्यातून एकदा होणाऱ्या आढावा बैठकीत काय होतं ते मी स्वतः बसून बघितलंय, कुठे ते नको विचारू. प्रत्येक विभाग उभा राहून सांगतो काम प्रगतीपथावर आहे, साहेब दोघा-तिघांना झापतात, चहा होतो, इतिवृत्त पंधरा दिवसांनी निघतं आणि ते निघेपर्यंत अर्धे मुद्दे शिळे. हा संवाद नव्हेच, हा कार्यक्रम झाला.

तर मे १९९५ मध्ये एस. आर. राव सुरतेला आयुक्त म्हणून आले. प्लेगला सात-आठ महिने उलटलेले, म्हणजे भीती ओसरलेली, घाण मात्र होती तशी. त्यांनी जे केलं त्यातली एक गोष्ट घोषवाक्यामुळे फार गाजली, 'एसी टू डीसी', म्हणजे एअर कंडिशन केबिनमधून डेली चोअर्सकडे, रोजच्या कामाकडे. एसी-डीसी हे विजेच्या प्रवाहाचे दोन प्रकार, त्यामुळे इंजिनियर लोकांना हा विनोद लगेच कळतो आणि अशी ओळ ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये आपोआप फिरते, परिपत्रक काढावं लागत नाही. पण नुसती ओळ असती तर आठवड्यात तिची टिंगल झाली असती, सरकारी ऑफिसात टिंगल करायचं टॅलेंट भरपूर असतं. ती टिकली कारण सकाळी साडेसातच्या आसपास अधिकारी खरोखर रस्त्यावर दिसायला लागले, आयुक्तांसकट, आणि दुपारपर्यंत तिथेच. सगळे विभाग, फक्त आरोग्य विभाग नव्हे.

आता याला लोक व्हिजिट म्हणतात, राऊंड म्हणतात, आणि वाटतं की साहेब बघायला येतो म्हणून लोक काम करतात. थोडं खरंय. पण माझ्या मते जास्त महत्त्वाचं म्हणजे वरच्या सात पायऱ्यांची गाडीच्या टायरवाली गोष्ट तिथल्या तिथे एका वाक्यात होते. मुकादम उभा आहे, ढीग समोर आहे, गाडी नाही हे दिसतंय, सिद्ध करायला काही लिहायला नको. लिहून कळवण्यात खालच्या माणसाची फार अडचण असते, भाषा येत नाही, कुणाला राग येईल, आपलंच नाव अडकेल, म्हणून तो लिहितच नाही. रस्त्यावर उभ्या साहेबाला तो बोट दाखवून सांगू शकतो. लहान वाटणारी गोष्ट आहे पण संवाद म्हणजे ही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते आणि ती फारशी कुणी सांगत नाही कारण तिच्यात काही नाट्य नाही. रोज दुपारी बैठक. झोनचे प्रमुख, विभागप्रमुख, आयुक्त, रोज. महिन्याला नाही, आठवड्याला नाही. सकाळी जे बघितलं ते दुपारी टेबलावर. यात काय होतं बघा, महापालिकेत अर्ध्या अडचणी या दोन विभागांच्या मधल्या फटीत पडलेल्या असतात, रस्ता खोदला पाणीपुरवठ्याने, माती टाकली गटारात, गटार तुंबलं ते ड्रेनेजवाल्यांचं, पाणी साचलं तिथे डास ते मलेरिया विभागाचे, आणि त्या बाजूला अतिक्रमण म्हणून मशीन जात नाही ते तिसऱ्याच कुणाचं. कागदावर हे पाच विभाग एकमेकांना पत्र लिहीत वर्ष काढू शकतात, खुशाल काढतात. रोज एका टेबलावर बसल्यावर नाही काढू शकत कारण काल तू म्हणालास उद्या करतो, आज तो उद्या आलाय आणि शेजारी बसलेला माणूस सकाळी तीच जागा बघून आलाय. महिन्याच्या बैठकीत मारलेली थाप महिनाभर जगते, रोजच्या बैठकीत जेमतेम रात्रभर. तसंच उलट बाजूनेही, खालच्या माणसाने सकाळी सांगितलेली अडचण त्याच दिवशी सुटू शकते आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली की त्याला कळतं आपलं बोलणं पोचलं. असं दहा वेळा झालं की तो अकरावी अडचण स्वतःहून सांगतो. कार्यशाळा, मोटिवेशनल स्पीकर, सहल, कशाचीच गरज लागत नाही.

पण, आणि इथे बरेच साहेब गंडतात, नुसतं बोलून काही होत नाही जर ऐकणाऱ्याला हो म्हणायचा अधिकारच नसेल. शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या प्रमुखाला प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार दिले, जवळपास आयुक्तासारखेच. याला कायद्यात जागा होतीच, अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये आयुक्ताला आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देता येतात. नवीन कायदा नको, मंत्रालयाच्या, आय मीन गुजरातेतल्या सचिवालयाच्या, चकरा नकोत. आहे ते कलम वापरायचं. कित्येक ठिकाणी ते वापरतात पण असं वापरतात की लहान लहान खर्चाची सही खाली आणि ज्या सहीने खरंच काम हलतं ती वर. मग खालचा अधिकारी होतो पोस्टमन. सकाळी मुकादमाने सांगितलं तर तो म्हणतो बघतो, वर कळवतो, आणि दोन महिन्यांनी मुकादम त्याच्याकडे बघायचंच बंद करतो. म्हणून मला वाटतं सुरतेच्या प्रकरणात संवाद सुधारला असं म्हणताना अधिकार खाली आले हे वाक्याच्या आत धरूनच म्हणावं, ते वेगळं काढलं की उरतो फक्त साहेबांचा गोड स्वभाव.

अभ्यासकांनी या सगळ्याला नावं दिलेली आहेत आणि इथे ती खरंच उपयोगी पडतात. जेरेमाया सलिव्हन यांनी १९८८ मध्ये मांडलं की वरिष्ठाची भाषा तीन कामं करते, काय करायचं ते स्पष्ट सांगते, समोरच्याची माणूस म्हणून दखल घेते आणि हे काम कशासाठी आहे त्याचा अर्थ सांगते. आणि बहुतेक साहेब फक्त पहिलीच वापरतात. आपली सरकारी भाषा बघा, 'तात्काळ कार्यवाही करून अहवाल सादर करावा', शंभर टक्के पहिला प्रकार, आणि तोही धड नाही कारण नक्की काय करायचं ते त्यात नाहीच. सुरतेत तिसरा प्रकार, कामाचा अर्थ, तो तर कुणी सांगायची गरजच नव्हती, प्लेगने सांगून ठेवला होता. गटार का उपसायचं यावर १९९५ च्या सुरतेत भाषण देणारा माणूस वेडाच ठरला असता. ही सवलत बाकीच्या शहरांना मिळत नाही (आणि मिळू पण नये!), त्यामुळे सुरत पॅटर्न उचलून दुसरीकडे लावताना हे विसरलं की फसतं. तिथे कामाचा अर्थ हवेत होता, इतर ठिकाणी तो रोज कुणीतरी सांगावा लागतो.

आता समाधानाचं. नोकरीत समाधानी माणूस चांगलं काम करतो हे आपण इतकं गृहीत धरतो की तपासतच नाही. संशोधनातलं चित्र त्या मानाने बरंच फिकं आहे. १९८५ मध्ये इआफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काही नातं नाही, १ म्हणजे पूर्ण जोडलेलं) निघाला ०.१७ च्या आसपास, म्हणजे जवळपास नाहीच म्हणा. २००१ मध्ये जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, चोपन्न हजारांवर माणसं, असं मोठं मोजलं तेव्हा तो ०.३० पर्यंत आला. बरा आहे, पण ०.३० चा वर्ग केला की ०.०९, म्हणजे कामगिरीतल्या फरकापैकी नऊ टक्केच समाधानाशी जोडता येतो. आणि तेही कोण कुणामुळे हे सांगत नाही. लॉलर आणि पोर्टर यांनी १९६७ मध्येच बाण उलटा करून दाखवला होता, की माणूस समाधानी आहे म्हणून काम चांगलं होतं असं धरण्याऐवजी काम चांगलं झालं, त्याचं काही फळ मिळालं, म्हणून माणूस समाधानी होतो असं बघा.

सुरतेच्या घटनाक्रमाला हा उलटा बाण जास्त चपखल बसतो असं माझं मत. मे १९९५ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्याला समाधानी असायला काही कारण नव्हतं, पगार तोच, वर कामाचे तास वाढले, अधिकारी डोक्यावर. आधी खूश करू मग कामाला लावू असा क्रम तिथे नव्हताच. काम आधी बदललं. कचरा उचलण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावरून नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं, मुख्य रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली, मलेरियाच्या केसेस उतरल्या, आणि साधारण दीड वर्षात इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पाहणीत सुरत चंदीगडच्या खालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरलं. ज्या महापालिकेचं नाव घेऊन दोन वर्षांपूर्वी लोक नाक दाबत होते तिथे मी नोकरी करतो हे आता सांगायला काही वाटत नाही, उलट सांगावंसं वाटतं. हे समाधान पगारातून येत नाही. हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच सांगितलेलं की पगार, नियम, कामाची जागा या गोष्टी नीट नसल्या तर माणूस असमाधानी होतो, पण त्या नीट केल्या की फार तर कुरकुर थांबते, समाधान येतं ते काही साध्य झाल्यातून आणि त्याची दखल घेतली गेल्यातून. त्यांनी पहिल्या गटाला हायजिन फॅक्टर असं नाव दिलंय, म्हणजे स्वच्छतेचे घटक. सुरतेच्या प्रकरणात हा शब्द वाचताना मला दरवेळी हसू येतं.

दखलीबद्दल अजून एक. अतिक्रमण आणि बेकायदा बांधकामं पाडताना सुरुवात मोठ्यांपासून केली, वजनदार लोकांपासून, टपरीवाल्यापासून नव्हे. याचं कौतुक नागरिकांच्या बाजूने नेहमी होतं पण कर्मचाऱ्यांच्या बाजूने कुणी बघत नाही. अतिक्रमण विभागातला माणूस रोज कोणत्या भीतीत जगतो तर हातोडा उचलला की फोन येणार आणि फोन आला की आपलाच साहेब माघार घेणार, वर आपली बदली. एकदा त्याने बघितलं की फोन आला आणि साहेब हलला नाही, की पुढच्या शंभर परिपत्रकांपेक्षा ते जास्त बोलतं. मायकल लिप्स्की यांनी १९८० मध्ये लिहिलं की सरकारी धोरण प्रत्यक्षात बनतं ते रस्त्यावरच्या शेवटच्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या निर्णयांमध्ये, दंड करायचा की सोडायचा, दुकानात शिरायचं की बाहेरून जायचं. तो निर्णय घेताना त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, माझ्यामागे कुणी उभं आहे का. हॉटेलं, मिठाईची दुकानं यांच्यावर कारवाया झाल्या, कचरा टाकणाऱ्यांकडून जागेवर पैसे वसूल झाले, हे सगळं निरीक्षक पातळीच्या माणसाने केलंय. त्याला उत्तर मिळालेलं होतं म्हणून केलं.

भीती नव्हती का? होती की. शिस्तभंगाच्या कारवाया झाल्या, कामचुकारांना धक्के बसले, आणि जो कुणी हे सगळं प्रेमाने झालं असं सांगतो तो अर्धंच सांगतो. तरी भीतीने काम किती वाढतं याला मर्यादा आहे, भीतीने माणूस जागेवर हजर राहतो, कोपऱ्यातलं झाकण तुटलंय हे स्वतःहून येऊन सांगत नाही, उलट लपवतो कारण सांगितलं तर विचारतील आधी का नाही सांगितलं. सुरतेत धाक आणि ऐकून घेणं एकाच वेळी चालू होतं, आणि ऐकून घेतलेलं त्याच दिवशी निपटत होतं, म्हणून लपवण्यापेक्षा सांगणं स्वस्त पडत होतं. नकल करणाऱ्यांनी बहुतेक वेळा फक्त धाक उचलला. नागपूर, चंदीगड अशा महापालिकांनी मधल्या काळात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली, कोण कुठे किती वेळ उभं आहे ते कंट्रोल रूममध्ये दिसणार. कामगारांनी नाराजी दाखवली यात नवल काय. घड्याळ खालून वर एकच गोष्ट सांगतं, माणूस कुठे आहे. हातमोजे फाटलेत, ढकलगाडीचं चाक निखळलंय हे घड्याळ सांगत नाही. तसंच ते रोज सकाळचं व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं, झाडायच्या आधीचा आणि नंतरचा, अधिकारी अंगठा टाकतो, संपलं. बघायला गेलं तर रोजचा संवाद आहे, सकाळी साडेसातचाच आहे, फक्त त्यात प्रश्न विचारायला जागा नाही.

आणि सुरतेतही सगळ्यांना सारखं मिळालं असं म्हणणं बरोबर नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७५-७६ च्या सुमारास काम समाधान देतं की नाही हे ठरवणाऱ्या पाच गोष्टी मांडल्या, कामात विविधता, आपलं म्हणून पूर्ण दिसणारं काम, त्याचं महत्त्व, स्वायत्तता आणि केलेल्या कामाचं उत्तर परत मिळणं. झोनप्रमुखाला या पाचही एकदम मिळाल्या, तो तर छोटा आयुक्तच झाला. निरीक्षकाला तीन-चार मिळाल्या. झाडणाऱ्या बाईला? महत्त्व मिळालं, उत्तर परत मिळालं, ठरलेला पट्टा स्वच्छ दिसला की हे माझं म्हणता आलं. पण विविधता आणि स्वायत्तता काय मिळणार, झाडू तोच, आणि धुळीत तासन्‌तास वाकून काम तेच. त्यामुळे कर्मचाऱ्यांचं समाधान वाढलं असं एका वाक्यात म्हटलं की पायरीनुसार फरक झाकला जातो, आणि वरच्या पायरीचं समाधान नेहमी जास्त ऐकू येतं कारण मुलाखती त्यांच्याच होतात.

राव १९९७ पर्यंत होते, १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा प्रकरणात खरी परीक्षा इथून पुढे. माणूस गेला की पॅटर्न गेला हे आपण इतक्यांदा बघितलंय की आता नवल वाटत नाही, नवा साहेब येतो, जुन्याचा बोर्ड काढतो. सुरतेत तसं झालं नाही याचं कारण मला त्या कंटाळवाण्या दुपारच्या बैठकीत आणि झोनच्या अधिकारात दिसतं. ज्या झोनप्रमुखाला एकदा सहीचा अधिकार मिळाला तो सहजासहजी परत देत नाही, आणि ज्या मुकादमाला उद्या गाडी येणार ही सवय लागली तो न आल्यावर गप्प बसत नाही. आयुक्ताच्या करिष्म्यावर यातलं काहीच उभं नव्हतं.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्यात गेला, १९९४ च्या पुरापेक्षा कितीतरी मोठा पूर. पाणी उतरल्यावर चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं, सगळं तेच साहित्य. दुसऱ्या शहरांमधूनही सफाईची पथकं मदतीला आली, आणि महापालिकेच्या माणसांनी झोनप्रमाणे वाटणी करून शहर उपसून काढलं. प्लेगसारखं काही झालं नाही. तेव्हा राव जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण १९९४ पाहिलेले कितीतरी निरीक्षक आणि मुकादम अजून नोकरीत होते. पुढे स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२१, २०२२ अशी तीन वर्षं दुसरा नंबर आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र बदलत गेली. रात्रीची झाडलोट सुरुवातीपासूनच ठेकेदारांकडे होती, पुढे दारोदारचा कचरा गोळा करणंही ठेकेदारांकडे गेलं. म्हणजे आज सकाळी रस्त्यावर दिसणाऱ्यांपैकी बरेच जण महापालिकेचे नाहीतच. त्याचा मुकादम ठेकेदाराचा, त्याची हजेरी ठेकेदाराकडे, त्याचा पगार ठेकेदाराच्या बिलावर. महापालिका ठेकेदाराशी बोलते ते करारातल्या दंडाच्या कलमांनी. गाडीचं चाक निखळलं तर हा माणूस कुणाला सांगतो आणि ते दुपारच्या टेबलापर्यंत जातं का, हे प्रकरण पुढे कुणी अभ्यासायला घेतलं तर त्याने सुरुवात तिथून करावी, आयुक्तांच्या मुलाखतीपासून नको.